शेवटी टाकलेले हॉप्स, कडूजहर पेल एल आणि सोलापूरचं पाणी

होटगी_रोड | रवि, रात्री ९:१२

मंडळी, प्रश्न सरळ आहे. घरी बिअर उकळताना हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं) जितके उशिरा टाकाल तितका वास जास्त आणि कडूपणा कमी, असं जिथं तिथं लिहिलेलं असतं. इथं नेमकं उलटं होतंय. वास जेमतेम, तोही वाळक्या गवताचा, आणि कडूपणा असा की जीभ कोरडी पडते.

२० लिटरच्या घाण्याचा हिशेब देतो:
पेल मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं फिकट जव) ४.३ किलो, गव्हाचं मॉल्ट ३०० ग्रॅम. मॅश (मॉल्ट गरम पाण्यात मुरवणं) ६६ अंशाला ६० मिनिटं. उकळ ६० मिनिटं. सुरुवातीची घनता १.०५०.
हॉप्स: सेंटेनियल १५ ग्रॅम (अल्फा आम्ल १०%), पूर्ण ६० मिनिटं.
कॅस्केड ३० ग्रॅम (अल्फा ६%), शेवटची १० मिनिटं.
सिट्रा ४० ग्रॅम (अल्फा १२%), आच बंद केल्यावर.
यीस्ट यूएस-०५, एक पाकीट.

टिनसेथच्या (कडूपणा काढायच्या) सूत्रानं २५ आयबीयू (कडूपणाचं एकक) येतो. तोंडाला मात्र दुप्पट लागतो. सूत्र चुकतंय, हॉप्स शिळे आहेत, की पाण्यात खोट आहे?

---

कडक_भाकरी | रवि, रात्री ९:२०

कडू झाली तर शेंगाचटणी आहेच की बे. चटणी संपेपर्यंत बिअर संपते.

---

वर्टमास्तर | रवि, रात्री ९:४१

आधी एकच सांगा. आच बंद केल्यापासून वर्ट (मॉल्टचं गोड, न आंबलेलं पाणी) ८० अंशाला यायला किती वेळ लागतो? आणि तेवढा वेळ पातेल्यावर झाकण असतं का?

---

होटगी_रोड | रवि, रात्री ९:५५

झाकण असतं. ९८ वरून ८० ला यायला ४० मिनिटं. पुढं पातेलं पाण्याच्या टबात ठेवतो, सकाळपर्यंत ३२-३३ ला येतं. चिलर नाही. सध्या टाकीतलं पाणीच दुपारी ३८ अंश असतं, चिलर बसवून तरी काय होणार म्हणून घेतला नाही.

---

वर्टमास्तर | रवि, रात्री १०:३०

मग सूत्र चुकत नाहीये. तुम्ही त्याला खोटी वेळ सांगताय.

हॉप्समधलं अल्फा आम्ल गरम वर्टमध्ये आयसो-अल्फा आम्ल होतं, कडूपणा तो. शेगडी बंद केली म्हणून ही क्रिया थांबत नाही. ती तापमानावर चालते. १०० अंशाचा वेग १ धरला तर ९० अंशाला तो साधारण ०.४ असतो आणि ८० ला ०.१५ च्या थोडा वर. म्हणजे ९८ वरून ८० वर येतानाची तुमची ४० मिनिटं ही जवळपास १७-१८ मिनिटं खळखळ उकळल्यासारखीच. मी १५ धरतो.

आता वेळा बदलून तेच सूत्र पुन्हा मांडा:

सेंटेनियल ६० ऐवजी ७५ मिनिटं: १७ चे १८ आयबीयू. इथं फरक नगण्य, कारण तासाभरात जे व्हायचं ते बहुतेक झालेलं असतं.
कॅस्केड १० ऐवजी २५ मिनिटं: साडेसातचे १४.
सिट्रा ० ऐवजी १५ मिनिटं: शून्याचे २७.

बेरीज २५ नाही, ६० च्या घरात. सिट्राचे ४० ग्रॅम तुम्ही वासासाठी टाकले आणि सगळ्यात जास्त कडूपणा त्यांनीच दिला.

वासाचंही तेच. मायर्सीनसारखी हलकी तेलं वाफेबरोबर निघून जातात. उरलेलं आंबताना कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर जातं. लिनालूल, जेरानिऑल जरा चिवट असतात, पण तासभर कढत वर्टमध्ये बसवून ठेवल्यावर त्यांच्याकडून तरी किती अपेक्षा करायची?

उशिरा हॉप्स टाकायची पद्धत जिथं लिहिली गेली तिथं नळाला १२-१५ अंशाचं पाणी येतं आणि १५ मिनिटांत वर्ट थंड होतं. त्यांचं 'शून्य मिनिट' खरंच शून्याजवळ असतं. आपलं नसतं.

---

हिप्परगा | रवि, रात्री १०:४८

गणित पटलं, पण ६० म्हणणं जास्त होतंय. आयसो-अल्फाचा काही भाग गाळात बसतो, काही फेसात जातो, काही यीस्ट घेऊन बसतं. टिनसेथमध्ये ते सरासरीनं धरलेलं असलं तरी पातेल्यात भरपूर हॉप्स असतील तर प्रत्यक्ष आकडा खाली येतो. मी ४५ म्हणेन.

आणि जीभ कोरडी पडते म्हणतायत, तो नुसता हॉप्सचा कडूपणा नाही. तो तुरटपणा आहे. पाणी कुठलं वापरता? बोअरचं असेल तर अर्धं उत्तर तिथंच आहे.

---

वर्टमास्तर | रवि, रात्री १०:५२

४५ तर ४५. जिथं २५ हवे तिथं ४५ झाले तरी तक्रार तीच. पाण्याचं मान्य.

---

होटगी_रोड | रवि, रात्री ११:०५

बोअरचंच. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते घरात पुरत नाही. बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर दोन वर्षांत पांढरा थर बसतो, त्यावरून काय ते समजा.

---

रसायनकाका | सोम, सकाळी ६:३५

तो पांढरा थर म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचा तापून झालेला कॅल्शियम कार्बोनेट. काळ्या बेसाल्टातून आलेलं बोअरचं पाणी बऱ्याचदा असंच असतं. त्याची क्षारता मॅशचा पीएच वर ढकलते. आपल्याला ५.२ ते ५.४ हवा (नमुना खोलीच्या तापमानाला आणून मोजलेला). तो ५.८ च्या वर गेला की सालीतलं टॅनिन उतरतं आणि हॉप्सचा कडूपणाही खरखरीत लागतो. सूत्रात तेवढेच आयबीयू, तोंडात वेगळीच बिअर.

उकळून थर खाली बसवायचा उपाय जुना आहे, पण अर्धवट. सोपं म्हणजे आरओचं पाणी घ्या आणि क्षार स्वतः घाला. २५ लिटर आरओ पाण्याला:

जिप्सम ६ ग्रॅम
कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) २.५ ग्रॅम

यानं सल्फेट १३५ च्या आसपास, क्लोराइड ४८, कॅल्शियम ८० च्या थोडं वर येतं (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर). सल्फेट जास्त असलं की हॉप्स लख्ख आणि कोरडे लागतात, क्लोराइड जास्त असलं की बिअर गोलसर लागते. हॉप्सवाल्या पेल एलला तीनास एक प्रमाण ठीक. सल्फेट ३०० वर नेऊ नका, जीभ पुन्हा कोरडी पडायला लागेल.

जिप्सम खाण्याच्या दर्जाचं घ्या, टोफू करायला मिळतं ते. पीओपीचं पोतं उघडू नये. हे लिहावं लागतंय कारण हा प्रश्न मला विचारला गेला आहे.

फिकट मॉल्टला एवढ्यानं पीएच ५.५-५.६ पर्यंत उतरतो. बाकीचं लॅक्टिक आम्लानं. ८८% वालं असेल तर २ मिली घाला, ढवळा, १० मिनिटांनी मोजा, मग लागेल तसं. कागदी पट्ट्यांवर विसंबू नका, वर्टच्या रंगात त्यांचा रंगच कळत नाही. स्वस्तातला मीटर चालेल, फक्त दरवेळी ४ आणि ७ च्या बफरनं जुळवून घ्या.

---

शंकासूर | सोम, सकाळी ९:१०

ही बिअर आहे की बारावीचं प्रॅक्टिकल? जर्नल कुणाकडून तपासून घ्यायची?

---

कडक_भाकरी | सोम, सकाळी ९:१४

एक्स्टर्नल एक्झामिनरची सोय धाग्यावर आपोआप होईल.

---

नियमावली | सोम, सकाळी १०:०२

विनोद चालू द्या, पण एक लक्षात असू द्या. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार विनापरवाना दारू गाळणं आणि बनवणं दोन्ही गुन्हा आहे. घरी, स्वतःपुरती, थोडीशी अशी सूट बिअरला नाही. मायक्रोब्रुअरीला परवाना मिळतो, घराला नाही.

---

ओरेगॉनकर | सोम, सकाळी १०:४०

अमेरिकेत ही मुभा १९७८ च्या कायद्यानं मिळाली, १९७९ पासून लागू. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. विकायची मात्र नाही. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. आज जगभर पेल एलमध्ये जो हॉप्सचा धुमाकूळ दिसतो त्यात या घरच्या पातेल्यांचा वाटा मोठा आहे.

---

संपादक मंडळ | सोम, सकाळी ११:१५

धागा तंत्राबद्दल आहे, तंत्रापुरता चालू राहील. आपण कुठं आहोत आणि तिथं परवाना लागतो का, हे ज्याचं त्यानं पाहावं. विक्री, पत्ते, 'मला पाठवा' असले प्रतिसाद उडवले जातील.

---

शंकासूर | सोम, सकाळी ११:१७

पाठवा म्हणणार होतो. थोडक्यात वाचलो.

---

मायाताई_अकलूज | सोम, दुपारी १:२०

कायद्याची अडचण असेल आणि हॉप्सचा वासच अनुभवायचा असेल तर यीस्ट वगळा. हॉप वॉटर करा. ४ लिटर पाणी ८० अंशाला आणा, लॅक्टिक आम्ल किंवा लिंबाच्या रसानं पीएच ४.५ च्या खाली न्या, सिट्रा ८ ग्रॅम २० मिनिटं मुरवा, गाळा, थंड करा, सोडा भरा. आम्ल आधी घालायचं, मागून नाही. पीएच कमी असला की अल्फा आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही आणि कडूपणा हाताबाहेर जात नाही. ८०, ९० आणि ९८ अशा तीन तापमानांना तीन बाटल्या करून पाहिल्या तर वर्टमास्तरांचं सगळं गणित जिभेवर कळेल. खर्च फक्त हॉप्सचा.

---

वर्टमास्तर | सोम, दुपारी १:३८

ताई, हे फार छान. धागाकर्त्यानं पुढच्या घाण्याआधी हेच करावं.

---

डफरीन_चौक | सोम, दुपारी ४:०५

मूळ प्रश्नावर: चिलर नसेल तर वर्ट तसंच गार होऊ द्या, फक्त हॉप्सच्या वेळा १५-२० मिनिटांनी पुढं सरकवा. २० मिनिटांचे हॉप्स आच बंद केल्यावर टाका, १० मिनिटांचे वर्ट ८० ला आल्यावर टाका, आणि शून्य मिनिटांचे टाकूच नका, ते सगळे ड्राय हॉपला (न उकळता, आंबणं संपत आल्यावर टाकायला) ठेवा. ऑस्ट्रेलियात पाण्याच्या टंचाईत लोक कढत वर्ट थेट एचडीपीई प्लॅस्टिकच्या जाड कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, दुसऱ्या दिवशी यीस्ट टाकतात. कढत वर्टनं कॅनही निर्जंतुक होतो. म्हणून आतली सगळी बाजू ओली होईल असा तो आडवा-उभा करायचा.

---

हिप्परगा | सोम, दुपारी ४:३०

वेळा सरकवून कडूपणा जमेल, वास नाही जमणार. सोलापुरात मे महिन्यात ८० वरून ६० ला यायलाच दीड-दोन तास जातात, आणि तेवढा वेळ हॉप्स त्यातच. शिवाय मॉल्ट अगदी फिकट, पिल्सनरचं असेल तर डीएमएसची भीती वेगळी, उकडलेल्या मक्याचा वास येतो. पेल मॉल्ट जास्त भाजलेलं असल्यानं त्यात ती कमी. तरी उकळताना झाकण पूर्ण उघडं हवं, खळखळ उकळ हवी.

---

डफरीन_चौक | सोम, दुपारी ४:४४

मग ८० ला पटकन आणायचं कसं? चिलर नाही, पाणी ३८ अंशाचं. उपाय सांगा, नुसती खोट काढू नका.

---

वर्टमास्तर | सोम, सायं. ७:२५

उपाय फ्रिजमध्ये आहे.

२० लिटर उकळायचंच नाही. १६ लिटर उकळायचं, दाट. आदल्या दिवशी ४ लिटर आरओ पाणी दहा मिनिटं उकळून, झाकून गार करायचं आणि स्वच्छ धुतलेल्या झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ५ अंशाला ठेवायचं. आच बंद केली की ते ओतायचं.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, म्हणून उकळी ९८.५ च्या आसपास.
१६ × ९८.५ = १५७६
४ × ५ = २०
१५९६ भागिले २० = ७९.८

दोन मिनिटांत ८० अंश, चिलरशिवाय. आता हॉप्स टाका, झाकण लावा, २० मिनिटं थांबा. ८० अंशाची २० मिनिटं म्हणजे उकळीची फार तर साडेतीन मिनिटं. सिट्राच्या त्याच ४० ग्रॅममधून २७ ऐवजी ७-८ आयबीयू.

क्रम चुकवू नका. आधी गार पाणी, मग थर्मामीटर, मग हॉप्स. ८५ दाखवत असेल तर थांबा. बाजारचा बर्फ थेट वर्टमध्ये टाकायचा मोह होईल. टाकू नका. लादीचा बर्फ कुठल्या पाण्याचा आणि कुठल्या पोत्यातून आला हे कुणाला माहीत नसतं, आणि ८० अंशानं सगळेच जंतू मरतात असं नाही.

दाट वर्ट १.०६२ च्या आसपास असेल. त्यात सुरुवातीच्या हॉप्सचा उतारा थोडा घटतो, साधारण दहा टक्के. तेवढे हॉप्स वाढवा.

---

होटगी_रोड | सोम, सायं. ७:४०

हे डोक्यातच आलं नव्हतं. पण ८० वरून खाली? रात्रभर टबात ठेवलं तर हॉप्स पुन्हा गरमच राहणार ना?

---

एसीवाला_नाही | सोम, रात्री ८:१५

त्यासाठी चिलर लागेल, पण दोन टप्प्यांचा. फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्यांकडं तांब्याची ३/८ इंची नळी मिळते, १० मीटर घ्या. मोठ्या डब्याभोवती गुंडाळून कॉइल करा. दाबताना नळी चेपू नये म्हणून आत बारीक मीठ भरून दोन्ही टोकं बंद करून वाकवतात, नंतर मीठ धुऊन काढायचं. पहिल्या वापराआधी व्हिनेगरमध्ये तासभर.

पहिला टप्पा: टाकीचं ३८ अंशाचं पाणी. वर्ट ८० वरून ४५ ला येईपर्यंत तेच पुरतं. सुरुवातीला बाहेर पडणारं पाणी कढत असतं, ते बादल्यांत धरा, भांडी धुवायला उत्तम. चार-पाच दिवसांच्या पाण्यात ते गटारात सोडणं पाप.

दुसरा टप्पा: बादलीत बर्फ-पाणी आणि त्यात कूलरचा पंप. तोच, डेझर्ट कूलरमधला. पाणी कॉइलमधून फिरून परत त्याच बादलीत. २० लिटर वर्ट ४० वरून २० ला आणायला हिशेबानं ४ किलो बर्फ पुरतो. हवेत आणि बादलीत वाया जातो तो धरून ७-८ किलो आणा. इथं बाजारचा बर्फ चालतो, तो वर्टला शिवत नाही. वर्ट निर्जंतुक चमच्यानं हलवत राहा, न हलवता वेळ दुप्पट लागतो.

जोडणीला क्लिप लावा. नळी निसटून पातेल्यात पाणी पडलं की घाणा गेला.

---

कडक_भाकरी | सोम, रात्री ८:२२

कूलरचा पंप बिअरला आणि घरचे घामाघूम. कडूपणा नेमका कुठून येतो ते आता कळलं.

---

शंकासूर | सोम, रात्री ८:३०

मॉल्ट गाळायला कापड कोणतं? सोलापुरात टॉवेलला काय तोटा.

---

हिप्परगा | सोम, रात्री ८:४१

टर्किश टॉवेल मुळीच नको. सुताचे गुंडे सुटतात, फुगून भोकं बंद होतात, आणि आत अडकलेला चोथा कितीही धुतला तरी आंबतो. मांजरपाटही लवकर तुंबतं. पडद्याचं पॉलिएस्टर व्हॉईल घ्या, पातेल्याच्या आकाराची पिशवी शिवा, दोरा पॉलिएस्टरचाच. ४.६ किलो मॉल्टला कापड दुपदरी आणि चार कानांचं हवं, भिजल्यावर पिशवी आठ किलोच्या पुढं जाते.

सोलापुरी चादरीचं काम पुढं आहे. फर्मेंटर परातीत ठेवायचा, परातीत चार बोटं पाणी, भोवती ओली चादर, टोक पाण्यात बुडलेलं, समोर पंखा. एप्रिल-मेची हवा कोरडी असते तेव्हा यानं आतलं तापमान पाच-सात अंश उतरतं. जूननंतर हवा दमट झाली की फारसा उपयोग नाही.

---

वर्टमास्तर | सोम, रात्री ९:१०

आणि इथं धागाकर्त्याचा दुसरा घोटाळा. वर्ट ३२-३३ ला, आणि यूएस-०५. त्याला १८ ते २२ मध्ये सुख असतं. आंबताना वर्ट स्वतःच आणखी तीन-चार अंश तापतं. म्हणजे ३६. त्या तापमानाला ते फ्युजेल अल्कोहोल बनवतं, थिनरसारखा वास आणि घशाला चटका. त्याच्यापुढं हॉप्सचा वास टिकणार कसा?

मार्च ते जून क्वाइक वापरा. नॉर्वेच्या शेतघरांतलं यीस्ट आहे. व्हॉस प्रकारचं कोरडं मिळतं, ३५ ते ४० अंशाला मजेत चालतं आणि संत्र्याच्या सालीसारखा वास देतं, तो सिट्राबरोबर जुळतो. भूक जास्त असते, यीस्ट न्यूट्रिअंट पाकिटावर लिहिलंय तेवढं घाला. तीन-चार दिवसांत काम आटोपतं. व्हॉस घेतलं तर बर्फाचा दुसरा टप्पाही नको, ३८ ला आणून सोडून द्या.

यूएस-०५ गड्डा यात्रेच्या दिवसांत काढा. जानेवारीत रात्री १५-१६ पर्यंत उतरतं, चादर कोरडीच पुरते.

---

एसीवाला_नाही | सोम, रात्री ९:१८

आधी सांगायचं ना मास्तर, मी ८ किलो बर्फाचा हिशेब करत बसलो.

---

शेंगाचटणी | मंगळ, सकाळी ८:५०

हॉप्सच्या शिळेपणाचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. उघडलेलं पाकीट हुंगून बघा. चीजसारखा किंवा घामट मोज्यासारखा वास आला तर फेका, ते आयसोव्हॅलेरिक आम्ल. पेलेटचा (हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्यांचा) रंग हिरव्याचा पिवळट-तपकिरी झाला असेल तरी फेका. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तीन दिवस ४५ अंशात बसलेले हॉप्स पाकिटावर कितीही अल्फा लिहिलं असलं तरी तेवढे नसतात. वर्षभराचे डिसेंबर-जानेवारीत मागवा, फॉइलचं पाकीट हवा काढून बंद करा, डीप फ्रीजरला उणे १८ ला. फ्रिजच्या दारात नाही. वीज गेली तर दार उघडू नका.

वाळक्या गवताच्या वासाचं आणखी एक कारण म्हणजे ड्राय हॉप जास्त दिवस ठेवणं.

---

नवखा_७७ | मंगळ, सकाळी ९:३०

गच्चीवर हॉप्सचा वेल लावला तर?

---

शेंगाचटणी | मंगळ, सकाळी ९:५२

वेल वाढेल, पण फुलं नाममात्र. हॉप्सला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो आणि हिवाळ्यात खरी थंडी. सोलापूर साडेसतरा अक्षांशावर, सगळ्यात मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉप्स पिकतात, तिथं निदान थंडीची ददात नाही. गच्चीवर कारली लावा, कडूपणा हमखास.

---

मालदांडी | मंगळ, सकाळी ११:०५

आपल्याकडं काय पिकतं ते सोडून लाहौलला कशाला जाता? ज्वारी घाला की! मंगळवेढ्याची.

---

रसायनकाका | मंगळ, सकाळी ११:४०

घालता येते, पण कच्ची दळून ६६ अंशाच्या मॅशमध्ये टाकली तर स्टार्च नुसता खाली बसेल. ज्वारीचा स्टार्च ७० च्या वर फुलतो, म्हणून आधी वेगळी शिजवावी लागते. सोपा मार्ग म्हणजे ज्वारीच्या लाह्या, त्यांचा स्टार्च फुललेलाच असतो. ४.६ किलोत ४०० ग्रॅम गव्हाच्या आणि थोड्या पेल मॉल्टच्या जागी घाला. बिअर हलकी होते, हॉप्स पुढं येतात. बिनमिठाच्या, बिनतेलाच्या लाह्या. तेल असेल तर फेस बसतो.

मोड आणून ज्वारीचं मॉल्ट करणार असाल तर कोंब आणि मुळं वाळवून चोळून पूर्ण काढा. कोवळ्या ज्वारीत धुरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. गुरांना कोवळी ज्वारी बाधते ती यामुळंच.

---

मालदांडी | मंगळ, सकाळी ११:४४

लाह्यांवर समाधान मानतो.

---

ओरेगॉनकर | मंगळ, दुपारी २:१५

कॅस्केड १९७२ मध्ये ओरेगॉनमधून बाहेर आला आणि १९८० च्या सिएरा नेवाडा पेल एलनं तो जगाला ओळखीचा केला. त्या बिअरमध्येही शेवटच्या हॉप्सचं महत्त्व मोठं, ड्राय हॉप नाही. म्हणजे तापमान सांभाळलं तर ड्राय हॉपशिवायही वास येतो.

तरी घालायचाच असेल तर आंबणं संपत आल्यावर लिटरला ३ ते ५ ग्रॅम, दोन ते तीन दिवस, बस. झाकण कमीत कमी उघडा, ऑक्सिजन लागला की दोन आठवड्यांत हॉप्सचा वास पुठ्ठ्याचा होतो. आणि बाटल्या भरायची घाई नको. हॉप्समध्ये थोडी विकरं असतात, ती वर्टमधली न आंबलेली मोठी साखर तोडतात आणि आंबणं पुन्हा सुरू होतं. ड्राय हॉपनंतर तीन दिवस घनता सारखी आल्याशिवाय भरू नका. ३५ अंशाच्या खोलीत भरलेली बाटली फुटली तर काचा छतापर्यंत जातात.

---

डफरीन_चौक | मंगळ, दुपारी २:४०

साखर किती? गूळ चालेल का?

---

ओरेगॉनकर | मंगळ, दुपारी ३:०१

साधी साखर, लिटरला साडेसहा ग्रॅम. बिअर २० अंशाला असेल तर ६ पुरे. गरम बिअरमध्ये आधीचा वायू कमी विरघळलेला असतो, म्हणून थोडी जास्त. साखर थोड्या पाण्यात उकळून, पूर्ण २० लिटरमध्ये सारखी मिसळा. प्रत्येक बाटलीत चमच्यानं घातली तर एक सपाट, एक कारंजं. गूळ नको, त्याचा वास हॉप्सवर बसतो. एखादी बाटली सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीत भरा, ती दाबून कडक लागली की बाकीच्या तयार.

---

होटगी_रोड | मंगळ, रात्री ९:४५

सगळं जमवून नवा आराखडा. चुकलं तर सांगा.

आरओ पाणी २७ लिटर, त्यातलं ४ आदल्या दिवशी उकळून फ्रिजमध्ये. उरलेल्या २३ लिटरला जिप्सम ६, कॅल्शियम क्लोराइड २.५ ग्रॅम. पेल मॉल्ट ४.४ किलो, ज्वारीच्या लाह्या ४०० ग्रॅम. ६६ अंश, ६० मिनिटं, पीएच १० मिनिटांनी. पिशवी उचलून निथळवायची. उघड्या पातेल्यात तासभर उकळ, शेवटी १६ लिटर.

सेंटेनियल २० ग्रॅम ६० मिनिटं: साधारण २० आयबीयू. १० मिनिटांचं काही नाही. गार पाणी ओतून ८० ला आणून कॅस्केड ३० आणि सिट्रा ४० एकदम, झाकून २० मिनिटं: १० आयबीयू. एकूण ३०. मग टाकीच्या पाण्यानं ४० च्या खाली, व्हॉस यीस्ट. ड्राय हॉप या वेळी नाही, म्हणजे ८० अंशाच्या हॉप्सनं किती वास दिला ते कळेल.

त्याआधी मायाताईंच्या तीन बाटल्या.

---

वर्टमास्तर | मंगळ, रात्री १०:०४

दोन दुरुस्त्या. हॉप्स मोकळे टाका, पोटलीत नाही. ७० ग्रॅम पेलेट फुगून पोटलीत गोळा होतो आणि आतल्याला वर्ट लागतच नाही. २० मिनिटं झाल्यावर एका दिशेनं जोरात ढवळा, १० मिनिटं थांबा, गाळ मधे गोळा होईल, कडेनं नळीनं काढा. ही १० मिनिटं ६० च्या खाली आल्यावर. ८० लाच थांबलात तर हॉप्सना पुन्हा तेवढी मुदत मिळाली.

दुसरी, क्षार २३ लिटरलाच घालताय ते बरोबर, मॅशला तेवढेच लागतात. वरच्या ४ लिटरला वेगळे घालू नका.

---

होटगी_रोड | मंगळ, रात्री १०:१२

नोंदवलं. थर्मामीटर काचेचा आहे, चालेल?

---

वर्टमास्तर | मंगळ, रात्री १०:१५

पातेल्यात फुटला तर घाणा ओतून द्यावा लागेल. स्टीलच्या दांड्याचा डिजिटल घ्या, आणि एकदा उकळत्या पाण्यात बुडवून बघा. ९८ ते ९९ दाखवला तर बरोबर. १०० दाखवला तर तो सोलापूरचा नाही.

---

कडक_भाकरी | मंगळ, रात्री १०:१९

आणि ४५ दाखवला तर तो नुसता गच्चीवर ठेवलेला आहे.